पाणजाईच्या माशाची नथ

साखरकोंडच्या डोहाला तळ नाही, हे आमच्या गावात पोराला शाळेत घालायच्या आधी शिकवतात. सात खाटांचं सुंभ उसवून, टोकाला दगड बांधून सोडलं तरी दगड टेकत नाही. सुंभ कोणी सोडलं, कधी सोडलं, आणि त्या खाटांवर झोपणारी माणसं नंतर कशावर झोपली, हे कोणी विचारलेलं नाही. मी इतिहासाचा माणूस असून मीही नाही.

गाव पोलादपूर तालुक्यात, हायवे सोडून अकरा किलोमीटर आत. डोहाच्या काठावर पाणजाईचं देऊळ आणि डोहात पाणजाईचे मासे. पेपरवाले त्यांना महसीर म्हणतात, आम्ही देवीचे मासे म्हणतो. कमरेला येईल एवढी लांबी, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठे खवले. ते कोणी धरत नाही, खात नाही, आणि त्या पाण्यात कोणी उतरत नाही. त्यांच्यातला एक मासा नथ घालतो. तो ज्याला दिसतो त्याचं काम होतं. माझ्या आजोबांना तो दिसला नाही, वडिलांना दिसला नाही, आणि दोघांचीही कामं झाली नाहीत, त्यामुळे या गोष्टीवर अविश्वास ठेवायला मला कधी जागा मिळाली नाही.

तीन वर्षांपूर्वी मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाला तो दिसला. त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं. हिरवट पाणी, काळी सावली, डोक्यामागे काहीतरी सोनेरी चमकून जातं आणि एक बाई मागून ‘नथ, नथ’ म्हणत राहते. तेवढं चित्रण इतकं फिरलं की पुढच्या महिन्यापासून रविवारी गाड्या लावायला आमच्या शेतात जागा द्यावी लागली. लोक येत, देवीची ओटी भरत, ती ओटी नंतर डोहात सोडत आणि माशांना कुरमुरे टाकत. कुरमुरे संपले की पाव, पाव संपला की फरसाण. मासे सगळं खात. देवीच्या माशांनी काही नाकारल्याचं ऐकिवात नाही.

मी देवस्थान समितीचा सचिव आहे. महाडच्या कॉलेजात शिकवतो. ज्याला र्‍हस्व-दीर्घ कळतं त्याला सचिव करायची पद्धत आहे, स्वतःचं मत असलंच पाहिजे अशी अट नाही. अध्यक्ष मुरारी तात्या. त्यांचं हायवेवर हॉटेल आहे आणि ओटीचं तयार पाकीट ही सात-आठ वर्षांपूर्वीची कल्पनाही त्यांचीच: नारळ, खण, हळदकुंकू आणि दोन सोनेरी प्लॅस्टिकच्या बांगड्या, सगळं एका पिशवीत. देवस्थानाला तीर्थक्षेत्राचा क वर्ग दर्जा मिळावा म्हणून त्यांनी अलिबागला फाइल टाकली होती. फाइलीत सगळं होतं, फक्त नथीचा स्पष्ट फोटो नव्हता.

नेमकी तेव्हा अपेक्षा गावी आली.

अपेक्षा माझ्या चुलतभावाची मुलगी. हा चुलतभाऊ, किशोर, महाड डेपोत कंडक्टर होता, आता रिटायर होऊन गावातच असतो. मुलगी मात्र समुद्री जीवशास्त्र शिकून टास्मानियात गेली. ऑस्ट्रेलियाच्या खाली एक बेट आहे, त्याच्या खाली थेट बर्फच. तिथल्या थंड पाण्यात, खडकांच्या रांगांवर, ती बुड्या मारून जीवांचे फोटो काढते, आणि त्याचा पगार घेते. हा शेवटचा मुद्दा गावाला पटायला चार वर्षं लागली.

समितीने तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि बदल्यात तिने शाळेच्या भिंतीवर तिचे फोटो दाखवायचे. पाणी बारा अंश, ती सांगत होती. अंगात सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, तरी वीस मिनिटांनी बोटं आपली राहत नाहीत. कॅमेरा एका पेटीत बंद, दोन बाजूंना खेकड्याच्या नांग्यांसारखे दोन फ्लॅश. भिंतीवर एकामागून एक चित्रं सरकत होती. माडाएवढ्या उंच समुद्री वनस्पतींचं रान, त्यातून तिरकं उतरणारं ऊन. खडकावर पिवळे, जांभळे, कुंकवासारखे लाल स्पंज. एक लाल मासा, मुठीएवढा, जो पोहत नाही, हातांवर चालतो, आणि जगात शंभराच्या आसपासच उरलाय. मग काटकुळा, पानांसारखे पंख फुटलेला, घोड्याच्या तोंडाचा एक प्राणी आला. याला समुद्री ड्रॅगन म्हणतात, अपेक्षा म्हणाली. शेपटीखाली गुलाबी मण्यांसारखी दिसतायत ती अंडी. ती नर वागवतो, दोन महिने.

“आणि बाई काय करते?” मुरारी तात्यांनी विचारलं.

“निघून जाते.”

बायकांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, “इतक्या लांब जायला लागलं व्हय गो असा नवरा बघायला?” शाळा बराच वेळ हसत होती.

हसणं ओसरल्यावर अपेक्षाने तिच्या कामाचे नियम सांगितले. प्राण्याला हात लावायचा नाही. फोटो नीट यावा म्हणून त्याला काठीने वळवायचं नाही, खाली एक शिंपला का असेना, सरकवायचा नाही. आणि खायला काही घालायचं नाही. एका पाहुण्याने मासा कॅमेऱ्याकडे बघत नाही म्हणून त्याला काठीने ढोसलं, तेव्हा तिने त्याला तिथल्या तिथे वर नेलं होतं आणि पुन्हा कधी पाण्यात घेतलं नाही. खायला घालायचं नाही हे ऐकून लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. परदेशात माणुसकी कमी असते हे आम्ही ऐकून होतोच.

नथीचा फोटो तिनेच काढावा हे तात्यांना त्याच क्षणी सुचलं असणार. अडचण एकच होती, डोहात कोणी उतरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मोरू गुरवाने तोंड उघडलं. मोरू सत्तरीचा, देवळाची पूजा त्याच्याकडे, आणि समितीत तो नुसता बसतो. तो म्हणाला, देवीला विचारायला पाहिजे. तात्या म्हणाले, “माहेरवाशिणीला आईच्या घरात शिरायला इचारावं लागतं व्हय रे?” ठराव मी लिहिला: गावची लेक या नात्याने कु. अपेक्षा हिला डोहात प्रवेशास हरकत नाही. वळणदार अक्षरात लिहिलेल्या गोष्टीला आमच्याकडे नंतर कोणी हरकत घेत नाही.

हवेचे सिलिंडर मालवणहून मागवले, दोन. पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेतात त्या लोकांकडून, माशांच्या टेम्पोतून. कॅमेरा आणि सूट तिचा तिने आणलाच होता. तिच्या कमरेला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. काठावर अर्धा गाव जमला होता. अपेक्षा पाण्यात गेली आणि बुडबुडे डोहाच्या मध्यावर जाऊन थांबले. दोरी माझ्या हातातून किती सुटली हे मी बघत होतो. सुटली ती फार नव्हती.

चाळीस मिनिटांनी ती काठाशी आली, तोंडातली नळी काढली आणि पायरीवर ओकली.

तात्यांनी तिला तेवढं उरकू दिलं. मग विचारलं, “तळ लागला?”

“चार मीटर. तेरा फूट धरा.”

सात खाटा प्रत्येकाच्या मनात उभ्या होत्या.

“तो तळ नाही म्हणा,” ती पाणी घेऊन चूळ भरत म्हणाली. “ते आपण टाकलेलं आहे. मी खांद्यापर्यंत हात घातला. खालीही नारळच लागतायत.”

तात्या तिच्याजवळ वाकले आणि तेरा फूट कोणाला सांगू नकोस म्हणाले.

फोटो तिने संध्याकाळी माझ्या घरी, लॅपटॉपवर दाखवले. टास्मानियाचे फोटो मी पाहिले होते, त्यामुळे हात तिचाच आहे हे कळत होतं. प्रत्येक वस्तू नीट चौकटीत, धारदार. नारळ सडून त्यांची केसाळ पोती झाली होती, आणि त्यांतून साबणासारखी पांढरी साय सुटून वर तरंगत होती. खण आणि साड्या एकमेकींत पीळ पडून आतड्यांसारख्या पसरल्या होत्या. देवांच्या तसबिरी, काचेखाली पाणी शिरून देवांचे चेहरे सुटलेले. मुलांचे लंगोट, वापरून झाल्यावर घडी घालून फेकायचे ते. एकाने कवळी टाकली होती, नवस असेल. सगळ्यावर कुरमुऱ्यांचा लगदा, घट्ट झालेल्या पेजेसारखा, आणि दिव्यांच्या तेलाचा तवंग. फ्लॅश मारला की पाण्यातला प्रत्येक कण उजळत होता. सगळ्या फोटोंवर गारा पडल्यासारखे ठिपके. आणि त्या ठिपक्यांतून मासे. पोटं सुटलेले, डोळ्यांवर पांढरा पडदा आलेले, एकमेकांच्या मागे लागून विष्ठा पडायच्या आधी खाणारे. त्यांच्यासमोर मी लहानपणी हात जोडून उभा राहिलोय. तेव्हा ते असे नव्हते, असं म्हणायला मला आवडेल, पण तेव्हा मी फक्त वरून पाहत होतो.

शेवटी तो मासा आला. नथवाला.

“ही नथ नाही,” अपेक्षा म्हणाली.

ती बांगडी होती. ओटीच्या पाकिटातली. देवीच्या मापाची बांगडी कोण घेतो, म्हणून पाकिटात लहान मुलींची स्वस्तातली घालतात. मासा कोवळा असताना तिच्यात डोकं घालून पुढे गेला, आणि मागे यायला खवले आडवे आले. मग तो वाढला. बांगडी वाढली नाही. आता ती कल्ल्यांच्या मागे दोन बोटं मांसात रुतली होती. वरचा पाठीकडचा तुकडा तेवढा उघडा, तोच उन्हात चमकायचा. बाकी कडेने मांस उकलून लालभडक झालेलं, त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी, आणि एका बाजूचा कल्ला उघडतच नव्हता.

“पंधरा-वीस दिवस जगेल,” ती म्हणाली. “फार तर. पाच मिनिटांचं काम आहे, काका. माझ्याकडे दोरी कापायची सुरी आहे. तिकडे मी कशालाच हात लावत नाही, पण हे आपण घातलंय त्याला.”

मी म्हणालो, समितीपुढे ठेवू. ही माझी सवय आहे.

तात्यांनी तो फोटो जवळून पाहिला, चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. त्यांचा चेहरा उजळत गेला. “नथ चांगली आली हां,” ते म्हणाले. मग बोट ठेवून, “आणि ह्ये लाल?”

“जखम आहे, तात्या.”

“कुंकू,” ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. बांगडी, पाकीट, बुरशी, कल्ला. ते मान डोलवत ऐकत होते, आणि ऐकून झाल्यावर म्हणाले, “व्हय, पण आईच्या माशाला कुंकू आसणारच की.” मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते थापा मारत नव्हते. त्यांना कुंकूच दिसत होतं. थापा मारत असते तर मला जेवण गेलं असतं.

मोरू गुरवाने लॅपटॉप हातात घेतला नाही, लांबूनच वाकून पाहिलं. मग म्हणाला, “वटीतलीच हाय. मीच सोडली आसंल.” आणि खाली बसला.

त्याच्या बोलण्यानेच प्रकरण देवीपर्यंत गेलं. आता कौल लावायचा ठरला. आमच्याकडे देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळ्या चिकटवायचं काम मोरूचं. प्रश्न अध्यक्षांनी विचारायचा.

“आई, माशाच्या गळ्यातली बांगडी—” तात्या म्हणतायत तोवर उजवी पाकळी खाली आली.

तात्यांनी मोरूकडे पाहिलं. म्हणाले, बांगडी नव्हे, नथ म्हणायला पाहिजे होतं, प्रश्न चुकला. मोरूने पुन्हा पाकळ्या लावल्या. नथ उतरवावी काय? उजवी पडली. अपेक्षा सुटकेचा श्वास सोडून उठायला लागली. तात्या म्हणाले, बस गो, आई होय म्हणते, पण कधी ते इचाराय नको? जत्रेच्या आधी उतरवावी काय? या वेळी ते स्वतः गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि मोरूला म्हणाले, उजवी जरा नीट दाब, वाऱ्यानं पडते. मोरूने ती दाबली. तात्या बघत होते म्हणून दाबली. डावी पडायला दहा मिनिटं लागली, पण पडली.

जत्रेला वीस दिवस होते. ठराव मी लिहिला.

चार दिवसांनी फ्लेक्स आले. महाडला फ्लेक्सचं दुकान असलेला शुभम तात्यांचा भाचा. एक फलक महाडच्या एसटी स्टँडबाहेर, एक हायवेच्या फाट्यावर, एक डोहावर. मध्ये तोच मासा, नथ आणि कुंकवासकट, हातभर लांब. पण त्याच्या मागे लंगोट आला होता, तो भाविकांना बरा दिसला नसता, म्हणून शुभमने मागचं सगळं काढून तिथे टास्मानिया घातला होता. शाळेत दाखवलेले फोटो त्या लॅपटॉपवरून कसे गेले हे मला माहीत आहे, पेन ड्राइव्ह माझाच होता. माशाच्या मागे ते उंच रान, तिरकं ऊन, जांभळे-पिवळे स्पंज, आणि कोपऱ्यात शेपटीला अंडी लावलेला समुद्री ड्रॅगन, हात जोडल्यासारखा. वर ‘पाणजाईच्या अथांग डोहातील दिव्य जलसृष्टी’. अथांग हा शब्द मी सुचवला होता. खाली ‘छायाचित्र: गावची सुकन्या कु. अपेक्षा’.

ती फाट्यावर त्या फलकासमोर उभी राहिली तेव्हा मी शेजारी होतो. तिने शुभमला फोन लावला आणि शांतपणे विचारलं की हा प्राणी पोलादपूर तालुक्यात कसा, असं कोणी विचारलं तर काय सांगणार आहेस. शुभम म्हणाला, “ताई, विचारणार कोण? इथं कुणी बघितलाय?” तिने फोन ठेवला. असे फोटो जोडणाऱ्याला तिच्या धंद्यातून कायमचं बाहेर काढतात, तिने मला सांगितलं, आणि लगेच म्हणाली, “ते जाऊ दे. सोळा दिवस नाही टिकणार तो.”

किशोरला तिने संध्याकाळी सांगितलं असावं, कारण जेवताना मला बोलावलं होतं आणि कोणी जेवत नव्हतं. किशोर मुलीला म्हणाला, “तू परत जाशील. मी इथं राहणार. उद्या मला खांदा द्यायला हीच चार माणसं येणार, ड्रॅगन नाही येणार.” ती म्हणाली, “बरं पप्पा.” बरं म्हणताना तिने ताटातला भात एका बाजूला केला. हिची आई असंच करायची, आणि तेव्हा तिचं ठरलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने मला उठवलं. दोरी धरायला कोणीतरी हवं होतं. दोरी धरायला मत लागत नाही, म्हणून मी गेलो. या वेळी दुसरा सिलिंडर होता. ती खाली गेली, दोरी थोडी सुटली, मग बराच वेळ तिला नुसती थरथर येत होती. खाली काय चाललंय ते मला नंतर कळलं. मासा खडकाच्या कपारीत डोकं घालून पडला होता, म्हणून धरता आला. धडधाकट असता तर हाती लागला नसता. तिने त्याला गुडघ्यांत धरलं, सुरीचं टोक मांसाखाली सारलं आणि दोन ठिकाणी कापलं. मासा एकदा उसळला आणि खालचा सगळा लगदा वर आला. त्यानंतरचं तिने काहीच न दिसता केलं.

वर आली तेव्हा तिच्या मुठीत बांगडीचे दोन तुकडे होते, त्यांना मांसाचे धागे आणि एक अख्खा खवला चिकटलेला. वास असा की मी नाकाला उपरणं लावलं. जगेल का, मी विचारलं.

“माहीत नाही. आता निदान त्याचं त्याच्याकडे आहे.”

तीन-चार दिवस काही झालं नाही. मग रविवार आला, गाड्या आल्या, दिवसभर लोक काठावर ओणवे बसले आणि नथ कोणालाच दिसली नाही. दुसऱ्या रविवारी तक्रारी सुरू झाल्या. ठाण्याच्या एका गृहस्थाने फलकावर आहे ते डोहात का नाही असं लेखी विचारलं, आणि मागच्या रानाबद्दल मात्र काही विचारलं नाही. तात्यांनी बैठक बोलावली. किशोर दाराशी उभा होता, पांढरा पडून. तात्यांनी एकेकाकडे बघायला सुरुवात केली आणि त्यांची नजर माझ्यापर्यंत यायच्या आत मोरू बोलला.

“देवीनं उतरवली. मला सपान पडलं. नको म्हन्ली.”

त्याने आयुष्यात पहिल्यांदा देवीच्या नावाने खोटं सांगितलं असेल, आणि ते चांगल्यासाठी. एका मुलीवरचं किटाळ टळावं, बांगड्या बंद व्हाव्यात. चहा आला. तात्यांनी बशीत ओतला, फुंकून प्यायला, आणि बशी खाली ठेवताना म्हणाले, “उतरवली म्हणजे जुनी झाली. नवी घालायची येळ आली.”

जत्रा चार दिवसांवर होती. कल्पना अशी की भाविकांनी काठावरून सोनेरी बांगड्या टाकायच्या. ज्याची बांगडी माशाच्या डोक्यातून जाईल, त्याच्या हातची नथ आईने घेतली असं समजायचं. माशांना वर आणायला कुरमुरे समितीचे. बांगड्या, त्याही समितीच्या. तात्यांनी त्याच चहात अडीच हजार बांगड्यांची मागणी महाडच्या बाजारात फोनवर नोंदवली.

मोरू उठून गेला. अपेक्षाला मी घरी जाऊन सांगितलं. ती मला पायांत चपलाही न घालता देवळात घेऊन आली, समिती अजून बसली होती. तिने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून ते दोन तुकडे सतरंजीवर ओतले. आता त्यांच्यावरचं मांस काळं पडलं होतं. शेजारची माणसं मागे सरकली.

“मी कापली,” ती म्हणाली. “सपान नाही, देवी नाही. सुरीने कापली. ही बघा, आणि वास घ्या. एक बांगडी त्याच्या अंगात तीन वर्षं अशी शिजत होती, आणि तुम्ही अडीच हजार आणताय.”

मी वाट पाहत होतो. ओरडतील, वाळीत टाकायची भाषा होईल, किशोरला पाय धरावे लागतील. तेही बरं झालं असतं. निदान तिचं बोलणं ऐकलं गेलं, असा त्याचा अर्थ झाला असता.

तात्यांनी खांद्यावरचा धुतलेला पंचा काढून सतरंजीवर पसरला. दोन बोटांनी ते तुकडे उचलून त्यावर ठेवले, घडी घातली आणि कपाळाला लावली.

“आई कुणाकडून काय करून घेईल सांगता येत नाय,” ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. “पोरीला त्या बर्फातून हितं आणली. हातात सुरी दिली. तूच निमित्त झालीस गो.”

एकेक करून सगळ्यांनी हात जोडले. ती घडीला जोडत होते की तिला, ते नीट कळत नव्हतं. अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्ताच्या वहीकडे पाहिलं. पुढल्या दिवशी देवळात काचेची पेटी आली, ‘आईची उतरलेली नथ’ असा बोर्ड तिच्यावर लागला. अक्षर माझं आहे. पेटीला फट राहिली होती, माश्या आत जात होत्या, म्हणून जवळ उदबत्ती लावायचं ठरलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहापासून डोहाला बैल धुवायच्या जागेसारखी गर्दी होती. मासे कुरमुऱ्यांवर तुटून पडले होते, पाठीवर पाठ, तोंडं उघडी. बांगड्या पडत होत्या. कोणी रिंग टाकायच्या खेळासारखी नेम धरून टाकत होतं, कोणी मूठभर एकदम. बहुतेक बुडत होत्या. एका लहान माशाच्या तोंडात अडकली, तेव्हा लाउडस्पीकरवर नाव पुकारलं आणि ढोल वाजले. तो मासा तोंड मिटू शकत नव्हता. तो गोल गोल फिरत होता, लोक त्याला नाचतोय म्हणत होते. जुना मासा मी शोधला. तो दिसला नाही, तरंगतानाही नाही, यावर मी समाधान मानलं.

अपेक्षा रबरी सूट घालून आली तेव्हा लोकांनी वाट करून दिली. काहींनी वाकून नमस्कार केला. तात्यांनी लाउडस्पीकरवर सांगितलं की आईची निमित्तमात्र कन्या आता जलपूजेसाठी उतरत आहे. तिने हातात एक जाळीची पिशवी आणि सुरी घेतली होती. मी दोरीसाठी हात पुढे केला.

“नको, काका,” ती म्हणाली. “सोडा.”

ती पाण्यात गेली. तोंडात बांगडी अडकलेला मासा पहिल्यांदा दिसेनासा झाला आणि थोड्या वेळाने वर आला तो तोंड मिटून. लोकांना ते कळलं नाही, किंवा त्यांना वाटलं हा दुसरा. मग बुडबुडे डोहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायला लागले, सावकाश, शेत नांगरल्यासारखे. ती बांगड्या वेचत होती. लोकांना बुडबुड्यांचा नेम मिळाला. बांगड्या तिथेच पडायला लागल्या. एकदा ती पिशवी काठावर ठेवायला डोकं वर काढून आली, तेव्हा वरून आलेली एक बांगडी तिच्या तोंडातल्या नळीवरून घसरून गळ्याशी अडकली. ढोल वाजले. नेरळच्या कुण्या बाईंचं नाव पुकारलं गेलं. त्यांचं काम होणार होतं.

अपेक्षाने ती बांगडी काढली, कापली आणि पिशवीत टाकली. मला तिच्या सिलिंडरचा काटा दिसला. साठवर; भरलेला दोनशेवर असतो, आणि तिसरा सिलिंडर आणलेला नव्हता. एवढ्या पाण्यात अर्धा-पाऊण तास पुरेल. ती पुन्हा खाली गेली. माझ्या शेजारी तात्यांचा माणूस नवं खोकं फोडत होता, आणि जत्रा संध्याकाळी सहापर्यंत होती.